स्थित्यंतर आणि मनःस्वास्थ्य

मनुष्यास आपल्या जन्मस्थितीहून वर जाण्याची मोकळीक असली पाहिजे, या तत्त्वाविषयीं आज सुशिक्षितांत मतभेद राहिलेला नाहीं. शेतमजुराच्या मुलानें मामलेदार व्हावें, गिरणीकामगाराच्या मुलीनें डॉक्टर व्हावें, यांत कोणास वावगें वाटत नाहीं. निदान वाटलें तरी तसें उघड बोलण्याची सोय उरलेली नाहीं. परीक्षांचे निकाल लागले म्हणजे वर्तमानपत्रांतून अशा मुलांचीं छायाचित्रें झळकतात. शेजारीं आईबाप उभे असतात, पेढ्याचा तुकडा मुलाच्या तोंडाशीं धरलेला असतो, आणि आम्ही सर्वजण तें पाहून संतोष पावतों. छायाचित्र काढलें त्या दिवसापर्यंतची हकीकत सर्वांस ठाऊक होते. त्यानंतरचीं वीस वर्षें कोणी लिहून ठेवीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्या वीस वर्षांविषयीं लिहावयाचें आहे. ज्यास इंग्रजींत 'सोशल मोबिलिटी' म्हणतात व आमच्या परिभाषाकारांनीं ज्यास 'सामाजिक गतिशीलता' असें जड नांव दिलें आहे, त्यास आम्ही साध्या शब्दांत स्थित्यंतर म्हणूं. या स्थित्यंतराचा मनावर काय परिणाम होतो, आणि तो परिणाम रोग समजून बरा करावयाचा कीं आणखी कांहीं समजून जतन करावयाचा, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय ऊहापोह प्रथम युरोपांत झाला. एमिल द्यूर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १८९७ सालीं आत्महत्येवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यानें एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखविली. व्यापारांत मंदी आली म्हणजे आत्महत्या वाढतात हें कोणासहि समजेल. परंतु अकस्मात् भरभराट झाली म्हणजेहि त्या वाढतात, असें तो म्हणतो. त्याचें स्पष्टीकरण असें कीं, मनुष्याची इच्छा स्वभावतःच अमर्याद असते व तिला बांध घालण्याचें काम समाज करतो. अमक्या दर्जाच्या मनुष्यानें अमुक अपेक्षावें, त्यापलीकडचा हव्यास धरूं नये, हा अलिखित दंडक जोंपर्यंत जागेवर असतो तोंपर्यंत मनुष्य आपल्या अपेक्षांच्या कुंपणांत नांदतो. स्थिति झपाट्यानें पालटली, मग ती वर जावो कीं खालीं, कीं जुना दंडक मोडतो, नवा अजून बसलेला नसतो, आणि मधल्या काळांत मन निराधार होतें.

पुढें १९२७ सालीं पितिरिम सोरोकिन यानें या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हा गृहस्थ उत्तर रशियांतील एका कोमी खेड्यांत जन्मलेला. बाप चर्चमधील प्रतिमांना मुलामा देण्याचें काम करीत गांवोगांव फिरणारा कारागीर. मुलगा लहानपणींच पोरका झाला. तेथून तो पीटर्सबर्ग विद्यापीठाचा प्राध्यापक झाला, १९२२ सालीं देशांतून हद्दपार झाला, आणि अखेर अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत स्थिरावला. एका जन्मांत इतक्या पायऱ्या ओलांडलेल्या माणसास या विषयावर बोलण्याचा अधिकार होता. स्थित्यंतरानें बुद्धि मोकळी होते, नव्या कल्पनांस वाव मिळतो, हें त्यानें मान्य केलें. परंतु त्याचबरोबर माणसामाणसांतील जवळीक सैल होते, मनुष्य एकाकी पडतो आणि मनोविकार वाढतात, असाहि त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष पुढील संशोधनांत सरसकट टिकला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ब्रिटनमध्यें जॉन गोल्डथॉर्प यानें १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, तेथील वर चढलेले पुरुष आपल्या स्थितीवर एकंदरींत समाधानीच होते. अमेरिकेंत १९९४ पासून एक मोठा सरकारी प्रयोग झाला. पांच शहरांच्या दरिद्री वस्त्यांतील सुमारें ४,६०० कुटुंबें घेऊन, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवड करून, त्यांतील कांहींना बऱ्या वस्तींत घर घेण्यास मदत देण्यांत आली. पुष्कळ वर्षांनीं त्यांच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हां मुलींचें मनःस्वास्थ्य सुधारलेलें आढळलें, आणि मुलग्यांत उलट विषण्णता व आघातजन्य भयविकार वाढलेले आढळले. तेंच घर, तोच मोहल्ला, आणि भावाबहिणींवर परिणाम दोन तऱ्हेचे! जॉर्जिया संस्थानांतील खेड्यांतल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या पाहणींत तर याहून विलक्षण गोष्ट दिसून आली. जीं मुलें कष्टाळू, संयमी, परिस्थितीवर मात करणारीं, तीं मनानें धडधाकट दिसत होतीं. पण रक्तदाब व शरीरांतील तणावाचीं इतर चिन्हें मोजतां त्यांच्या देहाची झीज इतरांपेक्षां अधिक झालेली होती. तेथील संशोधकांनीं या धडधाकटपणास 'कातडीपुरता' म्हटलें आहे. ज्यांनीं आपल्या नात्यांतील पहिला पदवीधर चाळिशींतच हृदयविकारानें गेलेला पाहिला असेल, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं.

तेव्हां स्थित्यंतरानें मनुष्य वेडा होतो, असें म्हणतां येत नाहीं. आणि त्याला कांहींच होत नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. जें होतें तें सरासरींत फारसें उमटत नाहीं. तें बारीकसारीक गोष्टींत दिसतें. भाषेचेंच पाहा. आमच्या महाराष्ट्रांत 'पानी' आणि 'पाणी' या दोन उच्चारांत जेवढें अंतर आहे तेवढें खेडें आणि विद्यापीठ यांच्यामध्यें कोसांनीं मोजूनहि भरणार नाहीं. ज्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या 'पानी'च प्यालें गेलें, तो मुलगा महाविद्यालयांत येतो. पहिल्या आठवड्यांतच मागल्या बांकावरचें दबलेलें हंसूं त्याला सांगतें कीं, या एका अक्षरावरून आपलें सारें कुळ ओळखूं येतें. कांहीं दिवस तो बोलणेंच टाळतो. मग एकांतांत जीभ टाळूला लावून 'ण' घोळवूं लागतो. दोन वर्षांत तो 'ण' इतका पक्का होतो कीं, जन्मानें 'ण' म्हणणारे जेथें तो सैल सोडतात तेथेंहि हा सोडीत नाहीं. एवढें साधल्यावर तो सुटींत घरीं जातो, चुलीशीं बसलेल्या आजीजवळ पाणी मागतो, आणि आजी चमकून वर पाहते. ती कांहीं बोलत नाहीं. लोटी भरून देते. परंतु तेथें कमावलेला उच्चार येथें परका आहे हें त्याला त्या क्षणीं कळतें. आम्हीं अशीं मुलें पाहिलीं आहेत कीं, घरून दूरध्वनि आला म्हणजे तीं वसतिगृहाच्या खोलींतून उठून जिन्यांत जात. बोलणें खासगी असे म्हणून तीं जात नसत; आईशीं बोलावयाची भाषा खोलींतल्या सोबत्यांना ऐकूं जाऊं नये, म्हणून जात.

ही एकट्या आमच्याच समाजाची व्यथा नव्हे. रिचर्ड हॉगर्ट हा इंग्लंडांतील लीड्स शहराच्या कामकरी वस्तींत, आजीच्या घरीं वाढला. १९५७ सालच्या 'द यूजेस ऑफ लिटरसी' या ग्रंथांत त्यानें शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचें चित्र काढलें आहे. घरांत ऊब एकाच खोलींत. तेथेंच इस्त्री चाललेली, तेथेंच रेडिओ, तेथेंच सर्वांची बडबड. आणि त्याच मेजाच्या एका कोपऱ्यावर हा मुलगा कान मिटून धडा करीत बसलेला. कान मिटण्याची ही संवय पुढें अंगीं इतकी मुरते कीं, धडा संपला तरी ते उघडत नाहींत. फ्रान्समधील लेखिका आनी एर्नो यांना २०२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचे आईवडील नॉर्मंडींतील इव्हतो या गांवीं किराणा दुकान व लहानसें कॅफे चालवीत. 'ला प्लास' (१९८३) हें त्यांचें पुस्तक मुलगी शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण होते आणि लवकरच बाप मरतो, येथून आरंभ पावतें. पुस्तक लहान, भाषा अगदीं सपाट. ती सपाट भाषा बाईंनीं हेतुपूर्वक पत्करली. बापाच्या आयुष्याला जी सजावट कधीं शिवली नाहीं, ती त्याच्या कथेवर चढविणें त्यांना दगलबाजी वाटली.

मराठींत हें दुभंगलेपण दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाइतकें उघडपणें क्वचितच कोठें आलें असेल. त्याची रचनाच अशी कीं, दगडू मारुति पवार आपली कथा दया पवाराला ऐकवितो. देह एक आणि नांवें दोन. एक महारवाड्यानें ठेवलेलें, दुसरें साहित्यानें. आनंद यादव यांच्या 'झोंबी'मध्यें (१९८७) कागलच्या एका पोराची शाळेसाठीं आपल्या बापाशींच झटापट आहे. सामान्य वाचक त्या पुस्तकांत पोराची बाजू घेतो, आणि तें योग्यच आहे. परंतु आम्हांस त्यांत बापाचेंहि एक गणित दिसतें: शाळेंत गेलेला हात शेतावर परत येत नाहीं. बाप निर्दय असेल, पण हें गणित त्याचें चुकलेलें नव्हतें.

आतां येथें एक भेद करणें अवश्य आहे. हॉगर्टचा मुलगा वर पोहोंचला म्हणजे पोहोंचला. तेथें त्याला अवघडल्यासारखें होईल, परंतु जागा नाकारली जाणार नाहीं. आमच्याकडे पुष्कळांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया व लंडन येथें अध्ययन करून १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमांत ते पारशी नांवानें राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले लोक दाराशीं आले व त्यांना तेथून निघावें लागलें. सार्वजनिक बागेंत मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या त्या विद्वानाची हकीकत त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवली आहे. आणि परदेशांतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य असल्याचा आपणांस पार विसर पडला होता, असेंहि तींत नमूद केलें आहे. येथें द्यूर्केमचा सिद्धांत अपुरा पडतो. येथें दंडक मोडल्यानें मन निराधार झालेलें नाहीं. दंडक मोडावयास तयारच नाहीं, म्हणून मनुष्य निराधार झाला आहे. या दुःखाला मनोविकार म्हणणें म्हणजे काठीचा वळ उठलेल्या पाठीला त्वचारोग म्हणण्यासारखें आहे.

आणि हें सारें १९१७ सालचें, असें म्हणून सुटतांहि येत नाहीं. २००७ सालीं प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयीं जो अहवाल दिला, त्यांत अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांत, भोजनगृहांत, खेळांत आणि अध्यापकांकडूनहि कसें वेगळें वागविलें जातें, याची नोंद आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारींत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची संख्या १३,००० हून अधिक आहे. या सर्वांचें कारण स्थित्यंतर असें म्हणणें बेजबाबदारपणाचें होईल. नापाशीची भीति आहे, प्रेमभंग आहे, घरचीं भांडणें आहेत. परंतु त्यांत असेहि कांहीं असणारच कीं, ज्यांच्या घरांतून महाविद्यालयापर्यंत पोहोंचलेले ते पहिलेच, आणि ज्यांना पुढें दार बंद दिसलें व मागें परत जावयाला तोंड नव्हतें.

ज्याला दार उघडें मिळतें त्याचेंहि सर्व सुरळीत होतें असें नाहीं. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९७८ सालीं एका मनोवस्थेचें वर्णन केलें. कर्तबगार माणसाला आपलें यश उसनें वाटतें, आणि आज ना उद्यां आपलें बिंग फुटेल या भीतींत तो राहतो. या अवस्थेस आमच्या भाषेंत शब्द शोधावयास नको. पानिपताच्या १७६१ च्या रणांगणानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक मनुष्य पुढें आला तेव्हांपासून 'तोतया' हा शब्द मराठी माणसाच्या जिभेवर आहे. मात्र गंमत अशी कीं, खरा तोतया आपण खोटे आहों हें जाणून खरेपणाचें सोंग आणतो, व पुष्कळदां त्याची छाती काडीइतकीहि धडधडत नाहीं. हा बिचारा खराखुरा पदवीधर, खराखुरा अधिकारी, आणि तोच खुर्चीच्या कडेवर बसतो! यांत त्याच्या मनाचा दोष किती आणि त्याला दिवसांतून चार वेळां 'आपण मूळचे कोठले?' म्हणून विचारणाऱ्यांचा किती, याचा हिशेब आम्हांस मानसशास्त्राच्या पुस्तकांत आढळला नाहीं.

येथवर वाचून एखादा समाधानवादी गृहस्थ म्हणेल, 'आम्ही हेंच सांगत होतों. जो तो आपल्या स्थितींत राहील तर ही तगमग कशाला? स्वधर्म, संतोष, प्रारब्ध या कल्पनांनीं आपल्या पूर्वजांना मनःशांति दिली होती; ती मोडून तुम्हीं स्पर्धा आणली, आणि आतां औषधें शोधतां.' हा युक्तिवाद वरवर वाटतो तितका पोकळ नाहीं. प्रारब्धानें एक मोठें काम केलें होतें: दारिद्र्याचा दोष दरिद्र्याच्या माथीं येऊं दिला नव्हता. मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें १९५८ सालीं 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हें उपरोधिक पुस्तक लिहिलें, त्याचा रोख हाच. केवळ गुणांवर जागा वांटणाऱ्या राज्यांत जो मागें राहतो त्याला समजुतीसाठीं कांहींच उरत नाहीं. आपण मागें राहिलों तें आपल्याच लायकीमुळें, असें त्यानें मानावें अशीच व्यवस्था असते. पूर्वींचा महार, मांग, कुणबी आपल्या दैवाला बोल लावीत असे. आजचा अनुत्तीर्ण उमेदवार आपल्यालाच लावतो. एवढें आम्ही मान्य करतों.

परंतु पूर्वजांच्या त्या मनःशांतीचा पुरावा काय? खालच्या पायरीवरील मनुष्य संतुष्ट होता, ही साक्ष नेहमीं वरच्या पायरीवरील मनुष्यानेंच दिलेली आहे. जोतिराव फुले यांचें लिखाण, किंवा पुढें दलितांचीं आत्मकथनें, यांत जेव्हां खालच्या पायरीला स्वतःची वाणी फुटली, तेव्हां तींत संतोषाचा मागमूस नव्हता. मुक्याच्या मौनास समाधी म्हणण्याची चूक आमच्या तत्त्वचिंतकांनीं पुष्कळ शतकें केली. शिवाय स्थित्यंतर नको म्हटल्यानें तें थांबत नाहीं. तें वरून खालींहि होतें, आणि कोणाची परवानगी न विचारतां होतें. १९४८ च्या कुळकायद्यानें व १९५७ च्या कृषकदिनानें हजारों कुळें मालक झालीं, त्याच वेळीं कोंकणांतील व देशावरील कित्येक खोत-इनामदारांचीं घरें शहरांतल्या दोन खोल्यांत आलीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांपैकीं फार थोडे पूर्वींच्या पगारावर परत आले. ज्याच्या हाताखालीं साचे चालत होते त्यानें पुढें रखवालदाराचा गणवेष घातला. खालीं उतरलेल्या मनुष्याच्या मनाविषयीं बोलावयाचें तर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. येथें एवढेंच कीं, तो निदान एकटा उतरला नाहीं, सबंध गिरणगांव त्याच्याबरोबर उतरलें, आणि जे टिकले ते या सोबतीच्या आधारानेंच टिकले.

सोबतीचा हा मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि वर चढणाराच्या बाबतींत तो अधिकच लागू आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं चढलेल्या मनुष्याच्या अस्वस्थतेचे दोन घटक वेगळे केले पाहिजेत, कारण ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं, ज्याच्या मनांत ते असतात त्यालाहि कोणता कोणता हें ओळखतां येत नाहीं. पहिला घटक लाजेचा. ही लाज त्याला आपल्या मूळच्या घराची वाटते: उच्चाराची, आईच्या नऊवारी लुगड्याची, बापाच्या मशेरीची. दुसरा घटक ऋणाचा. तो शिकला कारण थोरला भाऊ सातवींतून निघून दुसऱ्याच्या बांधावर गेला. तो शहरांत राहिला कारण बहिणीचें लग्न घाईनें उरकलें, म्हणजे एक खाणारें तोंड कमी झालें. त्याच्या शुल्कासाठीं म्हैस विकली गेली. आमच्या शास्त्रकारांनीं देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें सांगितलीं. थोरल्या भावाचें ऋण त्यांत नाहीं; त्या काळीं थोरला भाऊच प्रथम शिकत असावा.

लाज आणि ऋण यांची वेदना बाहेरून सारखीच दिसते. एक उदाहरण घेऊं. शहरांतील एका सदनिकेंत मुलाचे वरिष्ठ अधिकारी जेवावयास येणार आहेत. गांवाहून आई आलेली आहे. घंटा वाजते, आणि म्हातारी आपण होऊन उठून स्वयंपाकघरांत जाऊन बसते. कोणीं तिला जा म्हटलें नाहीं. पण तिला बस असेंहि कोणीं म्हटलें नाहीं. रात्रीं पाहुणे गेल्यावर मुलाला झोंप येत नाहीं. आतां ही निद्रानाशाची तक्रार घेऊन तो वैद्याकडे गेला, तर वैद्यानें कशावर औषध द्यावें? आई दिसली असती तर पाहुण्यांना काय वाटलें असतें, या विचारानें त्याची झोंप उडाली असेल, तर ती लाज. आई उठून गेली आणि आपण बसूनच राहिलों, या विचारानें उडाली असेल, तर तें ऋण. आमच्या मतें पहिली झोंप परत मिळवून देणें हें वैद्याचें, मित्रांचें आणि समाजाचें कर्तव्य आहे. दुसरी झोंप परत मिळवून देण्याचा कोणासहि अधिकार नाहीं. ती ज्याची त्यानें, उद्यां आईला दिवाणखान्यांत आणून, मिळवावयाची आहे.

आजच्या मनोवैद्यकाशीं आमचें भांडण असलेंच तर एवढ्यापुरतेंच आहे. त्याच्या परिभाषेंत दोन्हींना एकच नांव आहे, आणि दोन्हींवर उपायहि एकच: 'तुम्ही स्वतःला दोष देऊं नका.' लाजेला हा उपाय लागू पडतो. ऋणाला तो लावला, तर मनुष्य बरा होतो हें खरें. पण त्यानंतर भावाच्या मुलाच्या शुल्काचें पत्र आलें कीं तो तें बाजूस ठेवण्यासहि शिकतो. उलट ऋणाचाहि अतिरेक असतो, हें आम्ही विसरत नाहीं. असा एकुलता एक कमावता आम्हीं पुष्कळदां पाहिला आहे कीं, सबंध भावकी ज्याच्याकडे सरकारी खजिन्याप्रमाणें पाहते, आणि ज्याला स्वतःसाठीं नवी चप्पल घेतांनाहि चोरी केल्यासारखें वाटतें. ऋण फेडावयाचें असतें याचाच अर्थ त्याला कोठेंतरी शेवट असतो. ज्याला शेवट नाहीं त्याला ऋण म्हणत नाहींत, वेठ म्हणतात. आणि वेठ आपल्या माणसांनीं लावली म्हणून ती कमी जाचक होत नाहीं.

लाजेचें काय करावें, याचें एक उत्तर आमच्या महाराष्ट्रांतच शंभर वर्षांपूर्वीं दिलें गेलें आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींसाठीं वसतिगृहें काढलीं, व १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्याच प्रेरणेनें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास असें वसतिगृह काढलें कीं, जेथें महार, मराठे, मुसलमान, जैन मुलें एका छपराखालीं राहत, एकाच चुलीचें अन्न शिजवीत आणि एकाच पंक्तीला खात. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं त्यास भेट दिली. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. या संस्थेच्या शैक्षणिक कार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीनें तिच्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. तेथें मुलगा एकटा वर चढत नव्हता. त्याच्या शेजारचा मुलगाहि 'पानी' म्हणत होता, त्याच्याहि धोतराला ठिगळ होतें, आणि शिकत असतांना हातांत कुदळ होती, म्हणून बापाच्या कुदळीची लाज वाटावयास अवसरच नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं लाखों अनुयायांसह धर्मांतर केलें, त्यांतहि आम्हांस हें तत्त्व दिसतें. एकट्यानें नांव पालटलें असतें, तर तो दगडूचा दया झाला असता; लाखोंनीं मिळून पालटलें, म्हणून कोणास जुन्या नांवाकडे चोरून पाहावें लागलें नाहीं.

आजचा मुलगा मात्र पुष्कळदां एकटाच चढतो. शिकवणीवर्गाच्या गांवीं भाड्याच्या खोलींत तो एकटा. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आपल्या तालुक्याचा तो एकटा. पुढें बंगळूर किंवा अमेरिकेंतील कचेरींतहि तो एकटा. त्याला वर घेणारे जे आधींच वर बसलेले आहेत, म्हणजे बव्हंशीं हें मासिक ज्यांच्या घरीं जातें तें आमचें-तुमचें घर, त्याच्यावर त्याच्या मनःस्वास्थ्याचा फार मोठा भाग अवलंबून आहे, आणि याची आम्हांस जाणीवहि नसते. आम्ही त्याचा अपमान करीत नाहीं; तितके आम्ही सुसंस्कृत आहों. आम्ही फक्त आडनांव विचारून क्षणभर थांबतों. मुलीच्या मैत्रिणीचें जेवण चाललें असतां, 'तुमच्यांत अशीच आमटी करतात का?' असें प्रेमानें विचारतों. एखाद्यानें शुद्ध मराठी बोलून दाखविली, तर 'वाटत नाहीं हो!' म्हणून कौतुक करतों. या तिन्ही वाक्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं, आणि ज्याला तीं ऐकावीं लागतात त्याला रागावतां येत नाहीं, हीच त्यांतील खुबी. तो हंसतो, आणि रात्रीं पुन्हां 'ण' घोळवितो.

राहिली पुढील पिढी. चढलेल्या मनुष्याचीं मुलें शहरांतच जन्मतात. त्यांना 'ण' कमवावा लागत नाहीं आणि आजीच्या चुलीची लाजहि वाटत नाहीं. हिवाळ्यांत तीं शहराजवळच्या एखाद्या शेतावर हुरडा खावयास जातात, माणशीं अमुक रुपये भरून, आणि बैलगाडींत बसल्याचीं छायाचित्रें काढून आणतात. त्यांचें मन बापापेक्षां निरोगी आहे यांत संशय नाहीं. आणि बाप यासाठींच झिजला होता. फक्त दिवाळीच्या सुमारास, गांवच्या काकांना पैसे कां पाठवावयाचे, ते काम करीत नाहींत काय, असें त्यांतील एखादें सहज विचारतें. बाप वर्तमानपत्र खालीं ठेवतो. सातवीची शाळा, बांधावरची उन्हाळ, विकलेली म्हैस, हें सारें त्याला सांगतां येण्यासारखें असतें. पण कोठून आरंभ करावा तें सुचत नाहीं, आणि तोंवर मूल उठून गेलेलें असतें.